शेजारणीचा नवरा

१

दुकान उघडायला निघण्याआधी चष्मेवाला तीन कामं करायचा. गॅसची कळ बंद आहे ना ते बघायचा, मागची खिडकी ओढून घ्यायचा आणि बायकोचा फोन चार्जिंगला लावायचा. तिसऱ्या कामाला तसा काही अर्थ नव्हता. बायकोला जाऊन वर्ष होत आलं होतं. पण दिवा मालवावा तसा तो फोन मालवायला त्याचं मन होत नव्हतं. शिवाय फोन मधूनच वाजायचा, आणि घरात दुसरं काही वाजत नव्हतं.

वाजायचा तो तिच्यासाठी नव्हे, शेजारणीसाठी.

ही शेजारीण म्हणजे त्या दोघांची जुनी थट्टा होती. बायको विमा कार्यालयात नोकरीला होती. तिथे काय काय बघितलं ते ती घरी फारसं सांगायची नाही. एकदाच म्हणाली होती की एका बाईचा हप्ता वाढला, कारण ती कुठली औषधं घेते ते बाईच्या आधी आमच्या टेबलावर पोचलं होतं. त्या दिवसापासून तिनं आपली खरी माहिती कुणाला म्हणून दिली नाही. दुकानदार असो, फोनवरचं काही असो, समोरच्यानं नाव आणि जन्मतारीख मागितली की ती एका दुसऱ्याच बाईची द्यायची. नाव ठरलेलं, तारीख ठरलेली, आवडता रंग निळा. त्या बाईला मांजरही होतं. घरात मांजराचा केस नसताना फोनवर मांजराच्या खाण्याच्या जाहिराती यायच्या आणि दोघं जेवताना हसायचे. "शेजारणीच्या नावावर घाल," हे त्यांच्या घरातलं रोजचं वाक्य झालं होतं.

चष्मेवाल्याला हे सगळं खूळ वाटायचं. "अगं, आपण कोण लागून गेलो?" तो म्हणायचा. "आपल्या घरात बघण्यासारखं आहे तरी काय? तुझं वाचन नि माझं घोरणं."

"बघण्यासारखं नसतं ना, तेच त्यांना हवं असतं," ती म्हणायची.

त्यानं स्वतः कधी काही लपवलं नाही. बुटाचं माप विचारलं तर तेही सांगून मोकळा व्हायचा. त्याच्याबद्दलचं सगळं जगजाहीर होतं, आणि त्यातून कुणाला काही मिळाल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं. या वादात कुणीच कधी हरलं नाही. ती मध्येच निघून गेली, एवढंच.

२

एके सकाळी फोन वाजला आणि त्यावर दोन फुगे वर गेले. खाली शेजारणीचं नाव होतं आणि लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या. तुम्हा दोघांना, असं लिहिलं होतं.

चष्मेवाला पायांत बूट घालता घालता थांबला. त्याचं लग्न उन्हाळ्यात झालं होतं, आणि खिडकीबाहेर थंडी होती. मग त्याच्या लक्षात आलं की हे शेजारणीचं लग्न आहे. त्याला हसू यायला हवं होतं. आलं नाही. शेजारणीला मांजर आहे, निळा रंग आवडतो, हे त्याला ठाऊक होतं. तिला नवरा आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

रविवारी मेहुणा आला. बायकोचा हा धाकटा भाऊ कॉम्प्युटरवर काम करायचा. कुठली जाहिरात कुणाला दाखवायची ते त्याची कंपनी ठरवायची, आणि त्यावरून त्याची बहीण त्याला हयातभर बोलली होती. स्वयंपाकघराच्या फळीवर ती बोलकी डबी होती ना, वेळ विचारली की वेळ सांगणारी, ती त्यानंच भेट दिलेली. बहिणीनं ती शेजारणीच्या नावावर घातली आणि वर फडकं टाकून ठेवलं. ती गेल्यावर चष्मेवाल्यानं फडकं काढलं होतं.

मेहुण्यानं सगळं ऐकून घेतलं. "भावोजी, त्यात काही नाही," तो म्हणाला. "रिकामी जागा आमच्या लोकांना चालत नाही. बाई अमुक वयाची, अमुक खरेदी करते, म्हणजे नवरा असणार. ताईनं सांगितला असेल, नाहीतर त्यांनी धरला असेल."

"धरला म्हणजे?"

"अंदाजानं. बाकीच्या गोष्टी जुळल्या की माणूस आपोआप भरला जातो."

मग त्यानं, दुखऱ्या जागी हात लावावा तसं जपून, खातं बंद करायचं सुचवलं. बहिणीचं सगळं एकाच खात्याला बांधलेलं होतं, फोन, खरेदी, डबी, सगळं. मृत्यूचा दाखला पाठवला की पुसून टाकतात. "शेजारीण कधी मेलीच नाही ना," तो म्हणाला, "म्हणून ते शुभेच्छा पाठवत बसतात."

चष्मेवाला बघतो म्हणाला. खातं पुसलं की घरात काय वाजणार, हे त्यानं विचारलं नाही.

३

त्यानंतर तो फोनकडे वेगळ्या नजरेनं बघू लागला. पूर्वी नुसता चार्जिंगला लावायचा, आता रोज उघडून वाचायचा. वाचता वाचता शेजारणीचा नवरा हळूहळू दिसू लागला.

तो चालायला जाणारा होता. तुमच्या यजमानांचे बूट झिजले असतील, असं कुणीतरी अगत्यानं विचारत होतं. त्याला चहात साखर लागत नसे. तो पुस्तकं वाचायचा, आणि तीही बायको वाचायची तसलीच, जाडजूड. त्याचा वाढदिवस फेब्रुवारीत होता. बायकांनी नवऱ्याला काय द्यावं याच्या सूचना महिनाभर आधीपासून येत होत्या. तारीख चष्मेवाल्याच्या डोक्यात अशी जाऊन बसली की पुसू म्हटलं तरी पुसेना.

त्याला स्वतःला चहात दोन चमचे साखर लागायची. पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर त्याचा डोळा लागायचा. आणि चालण्याचं म्हणाल, तर रोज संध्याकाळी तळ्याच्या बागेत जायला निघताना बायको दारात उभी राहून विचारायची, "येताय का?" आणि तो म्हणायचा, "तू हो पुढे." वर्षानुवर्षं म्हणत आला. ती पुढे व्हायची.

त्याचं डोकं त्याला समजावत होतं. अरे, हा माणूस कुणी नाही. खोट्या बाईचा खोटा नवरा. तुला वाचवायलाच तिनं तो उभा केला असेल, तुझ्यावर कुणाची नजर जाऊ नये म्हणून. हे सगळं पटायचं. मग तो चहा करायचा, साखरेच्या डब्यात चमचा घालायचा, आणि त्याच्या छातीत काहीतरी आंबट वर यायचं. नुसता अंदाजानं भरलेला माणूस असता तर तो कसाही असता. तो तिला हवा होता तसाच कसा निघाला?

एकदा त्यानं साखर न घालता चहा पिऊन पाहिला. अर्धा ओतून दिला. हरल्यासारखं वाटलं ते चहापेक्षा कडू होतं.

४

पार्सल दुपारी आलं, तो जेवायला घरी आला होता तेव्हा. पोचवणाऱ्या माणसानं दारातच आकडा मागितला. आकडा बायकोच्या फोनवर आला होता. चष्मेवाल्यानं तो वाचून दाखवला, आणि खोका हातात घेतल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण काहीच मागवलेलं नाही. खोक्यावर नाव होतं ते फोनवर रोज दिसणारं, शेजारणीच्या नवऱ्याचं. तोवर जिन्यावरची पावलं खाली पोचली होती.

आत चष्मा होता.

आधी त्याला नुसता राग आला. ज्या घरचा माणूस उभ्या गावाचे डोळे तपासतो, त्या घरात बाहेरून चष्मा यावा, ही चपराकच होती. त्यानं खोका उचलला, दुकानात नेला आणि गिऱ्हाईक नाही असं बघून चष्मा हातात घेतला.

मशीनवर ठेवण्याआधी त्याची एक जुनी सवय होती. चष्मा हातभर लांब धरायचा, भिंगातून समोरच्या पाटीवरची अक्षरं बघायची आणि चष्मा हळूच डावीकडे-उजवीकडे हलवायचा. अक्षरं उलट्या दिशेला सरकली. म्हणजे वाचायचा चष्मा, पन्नाशीच्या आसपासच्या माणसाचा. मग त्यानं डावं भिंग गोल फिरवलं, आणि अक्षरं कात्रीच्या पात्यांसारखी तिरपी झाली.

तो खुर्चीवर बसला. उजव्या डोळ्याचा नंबर कुणीही अंदाजानं लिहू शकला असता. डाव्या डोळ्याचा हा तिरपा नंबर अंदाजानं निघणारा नव्हता. त्यासाठी एक माणूस कुठल्यातरी खुर्चीत बसलेला असावा लागतो, हनुवटी टेकून, आणि समोरच्यानं विचारावं लागतं, आता बरं दिसतंय की आधी?

चूक असणार. दुसऱ्या कुणाचा चष्मा या पत्त्यावर आला असणार. पण मग त्यानं काड्या उघडून चष्मा काचेवर उलटा ठेवला. एक काडी टेकली, दुसरी जराशी अधांतरी राहिली. उजवी काडी बाहेर फाकली होती. एका हातानं चष्मा ओढून काढणाऱ्या माणसाची काडी अशी फाकते, आणि त्याला वर्ष-सहा महिने लागतात. दोन्ही हातांनी काढा हो, असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा आणि कुणी ऐकत नसे. चष्मा नवा होता. भिंगांवरचा चिकट कागदही अजून निघाला नव्हता.

परत आलेला माल, त्यानं ठरवलं. कुणीतरी वापरून परत केलेला, पुन्हा गुंडाळून विकलेला. ठरवून त्याला बरं वाटलं. मग त्यानं चिकट कागद सोलले आणि चष्मा डोळ्यांवर चढवला, कारण त्या माणसाला जग कसं दिसतं ते त्याला बघायचं होतं. सगळं धूसर झालं. चष्मेवाल्याचे डोळे या वयातही उत्तम होते आणि त्याचा त्याला अभिमान होता. आज प्रथमच त्या उत्तम डोळ्यांचा त्याला राग आला.

संध्याकाळी त्यानं चष्मा घरी आणून टेबलावर ठेवला. फेकला का नाही, हे त्याला सांगता आलं नसतं.

५

त्या आठवड्यात फोनवर एक नवीन गोष्ट आली. हिरव्या गोलात पावलांचा आकडा होता आणि खाली लिहिलं होतं, "आज तुम्ही दोघं छान चाललात."

फोन दिवसभर भिंतीजवळ, वायरीला बांधलेला होता.

त्यानं गोलावर बोट ठेवलं तर नकाशा उघडला. त्यांच्या इमारतीपासून एक रेघ निघाली होती, कोपऱ्यावरच्या छापखान्यावरून तळ्याच्या बागेत गेली होती, तळ्याला वळसा घालून तशीच परत आली होती. तिची रोजची वाट. बाकाजवळ रेघेचा छोटासा गुंता होता. तिथे ती बसत असावी. त्याला ठाऊक नव्हतं.

त्यानं मेहुण्याला फोन केला. मेहुणा कामात होता, घाईत होता. जुनंच काहीतरी नव्यानं दाखवत असतील, म्हणाला, असं होतं कधी कधी.

"पण दोघं का म्हणतात?"

"ताई हळू चालायची ना. आणि बोलत चालायची. फोनला ते कळतं. एकटा माणूस तसा चालत नाही, म्हणून दोघं धरले असतील."

"ती कोणाशी बोलायची?"

"भावोजी," मेहुणा म्हणाला, "ते खातं बंद करून टाका. तुमच्यासाठी सांगतोय."

दुसऱ्या दिवशी ऊन उतरायच्या आत चष्मेवाल्यानं दुकान ओढून घेतलं आणि बायकोचा फोन खिशात टाकून त्या वाटेवर चालू लागला. लग्नानंतर प्रथमच. छापखान्याच्या आतून यंत्राचा धडधडाट येत होता. बागेत लोक होते, तळ्यावर बगळे होते. बाकावर तो बसला आणि लगेच उठला. थंडीतल्या लाकडी बाकाची एक बाजू गार होती. दुसरी दोन माणसांएवढी उबदार होती.

ऊन पडलं असेल तिथे. त्यानं वर पाहिलं. बाकावर झाडाची पूर्ण सावली होती.

खिशातला फोन थरथरला. "तुम्ही दोघं आज लवकर निघालात," असं त्यावर आलं होतं. तो तळ्याच्या कडेनं पळालाच म्हणायचा. वळणापर्यंत पोचला तेव्हा पुढे लोक होते, अनेक लोक, आणि त्यातल्या कुणाचाही डावा खांदा तिच्यासारखा खाली झुकलेला नव्हता. निदान त्याला दिसला नाही.

६

दाखला घेऊन तो दुकानात बसला आणि खातं बंद करण्याच्या नंबरावर फोन लावला. त्याचा निश्चय झाला होता. त्याला बायकोचं काही पुसायचं नव्हतं. त्याला त्या माणसाला पुसायचं होतं.

बऱ्याच संगीतानंतर एक मुलगी बोलू लागली. आवाज गोड होता, घाईतला नव्हता. त्याच्या बायकोबद्दल तिनं दुःख व्यक्त केलं. मग त्याचं नातं विचारलं. नवरा, तो म्हणाला. तिनं जन्मतारीख विचारली. त्यानं सांगितली, आयुष्यभर सगळ्यांना सांगत आला होता तशीच, खरी.

"ही जुळत नाही, सर."

"माझी जन्मतारीख आहे ती."

"हो सर, पण त्यांच्या यजमानांची नाही." "दुसरी एखादी असेल तर सांगता का? पुष्कळ जण कागदावर वेगळी देतात. मी जुळवून बघते."

दुसरी तारीख त्याच्या जिभेवर होती. फेब्रुवारीतली. एक वाक्य म्हटलं असतं की तो तिच्या नवऱ्याच्या जागी जाऊन बसला असता. मग हवं ते पुसता आलं असतं, हवं ते ठेवता आलं असतं. बायको तेच करायची, हसत हसत, दिवसातून चार वेळा. पण त्याला ते जमेना. त्या माणसाच्या नावावर तिच्याकडे जायचं? स्वतःच्या बायकोकडे?

"नाही," तो म्हणाला. "तो मी नाही."

"म्हणजे तुम्ही त्यांचे पती नाही, अशी नोंद करू?"

"तुमच्याकडे जो आहे, तो मी नाही. करा काय करायची ती नोंद."

कळफलकाचा आवाज आला. मोजकाच. "झाली, सर. मग खातं तुम्हाला बंद करता येणार नाही. शिवाय ते चालू खातं आहे."

"चालू कसं असेल? ती गेली. माझ्या हातात दाखला आहे."

"असेल, सर. कुठल्यातरी बाईंचा असेल," मुलगी म्हणाली, आणि तिच्या आवाजात खरोखरच दया होती. "पण या बाई आत्ताच घरी पोचलेल्या दिसतायत."

७

तो उघडं दुकान तसंच टाकून निघाला. घर जवळच होतं. जिना चढताना त्यानं स्वतःला बजावलं की फोन घरात आहे, भिंतीजवळ आहे, म्हणून ती घरी आहे असं त्या मुलीला दिसतं. एवढंच आहे. इतकं साधं आहे ते.

किल्ली फिरली. दार चार बोटं उघडलं आणि अडलं. आतून साखळी लावलेली होती.

ही साखळी तिनं बसवून घेतली होती, आणि ती फक्त आतूनच लावता यायची. चष्मेवाला साखळीकडे बघत राहिला. फटीतून स्वयंपाकघराचा थोडा भाग दिसत होता, टेबलाचा कोपरा, त्यावर एक जाडजूड पुस्तक पालथं घातलेलं, दोन कप. कपांतून वाफ निघत होती. साखरेचा डबा फळीवर होता, झाकण लावलेला.

त्याच्या पायाशी काहीतरी हललं. फटीतून एक मांजर बाहेर आलं. त्यानं चष्मेवाल्याच्या बुटाचा वास घेतला, परक्याचा घ्यावा तसा, आणि सावकाश आत निघून गेलं.

हाक मारावी असं त्याला वाटलं. तिच्या खऱ्या नावानं मारावी, जे त्या फोनला कधीच ठाऊक झालं नव्हतं. पण त्याचं बोट घंटीवर गेलं.

टेबलाच्या कोपऱ्याशी एक हात आला. पुरुषाचा, मनगटापर्यंतच दिसणारा. त्या हातानं चष्मा पुस्तकावर ठेवला. एकाच हातानं काढलेला. उजवी काडी जराशी अधांतरी राहिली.

"दारात कोणीतरी आहे," फळीवरची डबी म्हणाली.

खुर्ची सरकली. मग तो आवाज आला, जो कानांत राहावा म्हणून चष्मेवाला वर्षभर झोपण्याआधी आठवून बघायचा, आणि जो अलीकडे त्याला नीट आठवत नव्हता. आता तो अगदी स्वच्छ आला. जराही म्हातारा झालेला नव्हता.

"अहो, बघता का जरा?" ती म्हणाली. "शेजारचे असतील."

आतून पावलं दाराकडे येऊ लागली. नियमित चालणाऱ्या माणसाची असतात तशी, हलकी आणि एकसारखी. चष्मेवाल्यानं हातातली किल्ली खिशात टाकली, शर्ट नीट केला, एक पायरी मागे सरला, आणि आपण कशासाठी आलो म्हणून सांगायचं, ते ठरवू लागला.